जाण्याच्या बोलीवर

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडकडच्या क्लासच्या गल्ल्यांमध्ये 'किर्गिझस्तानमध्ये एमबीबीएस' असे फलक दिसायला लागतात. आमच्या शेजारच्या काकांची मुलगी यंदा तिकडं जायचं म्हणतेय. फी किती, थंडी किती, मेसमध्ये पोळी मिळते का, अशी सगळी चौकशी काकांनी केली होती. मग एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढता काढता त्यांनी मला विचारलं, "काय हो, तिकडचे राष्ट्राध्यक्ष म्हणे पळून जातात? मग कारभार कोण बघतं?"

पळून जाण्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. 2005 मध्ये अस्कर अकायेव पळाले, 2010 मध्ये कुर्मानबेक बाकियेव पळाले आणि 2020 मध्ये सूरोनबाय जीनबेकोव यांनी पळायच्या ऐवजी राजीनामा दिला. पंधरा वर्षांत तीन. तिन्ही वेळा जमाव राजधानी बिश्केकमधल्या त्याच एका इमारतीत शिरला. पांढऱ्या दगडाची सात मजली सरकारी इमारत आहे ती, आणि तिला तिथंही 'व्हाइट हाउस'च म्हणतात.

'मग कारभार कोण बघतं' याला मात्र एका वाक्यात उत्तर नाही. काकांना मी रोझा ओतुनबायेवा यांची गोष्ट सांगितली. ती इथं जरा सविस्तर सांगतो, कारण हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणजे नेमकं काय, त्याच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे त्यांच्या वीस महिन्यांत जितकं उघडं दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

आधी आपलं घर

आपल्याकडं या प्रसंगाची तजवीज घटनेतच आहे. राष्ट्रपतिपद अचानक रिकामं झालं तर उपराष्ट्रपती काम बघतात. 3 मे 1969 रोजी डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. कार्यवाहकाची सही कच्ची असते असं समजू नका. 14 बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश 19 जुलैला निघाला तो गिरींच्याच सहीनं. त्या चौदांत आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला, कारण त्यांना राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. आता राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत. मग संसदेनं त्याच मे महिन्यात केलेल्या कायद्याप्रमाणे सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी महिनाभर ती जबाबदारी सांभाळली. हे हिदायतुल्ला म्हणजे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, पुढं नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झालेले. त्या महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, त्यांचं स्वागतही हिदायतुल्लांनीच केलं.

म्हणजे दोनदा माणूस बदलला, पण एकदाही खुर्ची डगमगली नाही. पुढं कोण हे आधीच ठरलेलं होतं, आणि ठरलेलं नव्हतं तिथं संसद जागेवर होती, तिनं कायदा केला. गिरींचा तो राजीनामा मात्र लक्षात असू द्या. तो पुन्हा येणार आहे.

किर्गिझस्तानात 2010 मध्ये झालं ते वेगळं. तिथं माणूस तर गेलाच, शिवाय ज्या वहीत 'पुढं कोण' हे लिहिलेलं असतं ती वहीही गेली.

बाई कोण?

रोझा इसाकोव्हना ओतुनबायेवा यांचा जन्म 1950 चा. मॉस्को विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकल्या, मायदेशी परतून विद्यापीठात तेच शिकवलं, नंतर कम्युनिस्ट पक्षात आणि तिथून सोव्हिएत परराष्ट्र खात्यात गेल्या. पॅरिसला युनेस्कोमध्ये सोव्हिएत शिष्टमंडळाचं नेतृत्व केलं. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका रात्रीत स्वतंत्र झालेल्या किर्गिझस्तानला परराष्ट्रमंत्री हवा होता. इंग्रजी, फ्रेंच येणारी, जगात ओळखी असणारी माणसं मोजकीच होती. त्या मंत्री झाल्या, मग वॉशिंग्टनला राजदूत, मग पुन्हा मंत्री, मग लंडनला राजदूत, त्यानंतर जॉर्जियात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत उपप्रमुख.

किर्गिझ लोक वडीलधाऱ्या बाईला नावापुढं 'एजे' लावून हाक मारतात, आपण 'ताई' म्हणतो तसं. पुढं त्या अनेकांच्या तोंडी 'रोझा एजे' झाल्या.

2004 च्या शेवटी त्या परतल्या तेव्हा अकायेव चौदा वर्षं सत्तेत होते. ओतुनबायेवांनी संसदेची निवडणूक लढवायचं ठरवलं आणि मतदारसंघ निवडला तो नेमका राष्ट्राध्यक्षांच्या मुलीचा. अर्ज बाद झाला. कारण काय, तर उमेदवार आधीची पाच वर्षं देशात राहिलेला असला पाहिजे. देशानंच त्यांना देशाची वकील म्हणून बाहेर पाठवलं होतं, आणि आता तोच देश म्हणत होता की तुम्ही इथं राहतच नव्हता! मार्च 2005 मध्ये लोक रस्त्यावर आले, अकायेव पळाले, ओतुनबायेवा काही महिने काळजीवाहू परराष्ट्रमंत्री झाल्या, पण संसदेनं त्यांच्या नावाला मंजुरी दिली नाही. बाकियेव राष्ट्राध्यक्ष झाले आणि थोड्याच दिवसांत त्यांचाही अकायेव झाला. भाऊ राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलाचा प्रमुख. धाकटा मुलगा मॅक्सिम गुंतवणुकीच्या सरकारी संस्थेचा प्रमुख. 2007 मध्ये ओतुनबायेवा सोशल डेमोक्रॅटिक पक्षातर्फे संसदेत गेल्या आणि 2009 मध्ये पक्षाच्या गटनेत्या झाल्या.

त्यांच्याकडं काय नव्हतं हेही बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं आहे. स्वतःचा प्रांत नव्हता, पाठीशी टोळी नव्हती, कारखाने नव्हते. किर्गिझ राजकारणात या तिन्ही गोष्टींशिवाय कुणाचं चालत नाही.

वीजबिल, तलास, फॅक्स

2010 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, सरकारनं वीज आणि घरं गरम ठेवण्याच्या वाफेचे दर भरमसाट वाढवले. किर्गिझ हिवाळ्यात ही चैनीची बाब नसते. वीज वितरण कंपन्या मर्जीतल्या लोकांना स्वस्तात विकल्याची चर्चा होतीच. 1 एप्रिलला रशियानं किर्गिझस्तानला जाणाऱ्या इंधनावर निर्यात शुल्क लावलं आणि पेट्रोलही महागलं. 6 एप्रिलला तलास या छोट्या शहरात लोकांनी सरकारी कचेरी ताब्यात घेतली. त्या रात्री विरोधी नेत्यांची धरपकड झाली, आणि ती सरकारची मोठी चूक ठरली, कारण दुसऱ्या दिवशी बिश्केकच्या चौकात जमलेल्या गर्दीला आवरणारं, समजावणारं कुणी उरलंच नाही. व्हाइट हाउसमधून गोळीबार झाला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रात्रीपर्यंत बाकियेव दक्षिणेला आपल्या गावाकडं पळाले होते.

8 एप्रिलच्या सकाळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. राष्ट्राध्यक्ष जिवंत आहेत, देशातच आहेत आणि त्यांनी राजीनामा दिलेला नाही. संसदेत बहुमत त्यांच्याच पक्षाचं. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणं चाललं तर सत्ता अजून त्यांचीच. म्हणून विरोधकांच्या हंगामी सरकारनं हुकूम काढून संसद बरखास्त केली, घटना न्यायालयही बरखास्त केलं, आणि कायदे करणं व ते राबवणं ही दोन्ही कामं स्वतःकडं घेतली. हा अधिकार त्यांना कुणी दिला? कुणीच नाही. लोकांचं रक्त सांडलं होतं, जुनं सरकार पळालं होतं आणि कुणीतरी पोलिसांचे पगार काढायचे होते, एवढाच त्यांचा दाखला.

त्या सरकारात चार वजनदार उपप्रमुख होते: अर्थकारण बघणारे अल्माझबेक अतामबायेव, राज्यघटनेचं काम घेतलेले ओमुरबेक तेकेबायेव, तिजोरी सांभाळणारे तेमीर सारियेव आणि पोलीस-वकील खातं बघणारे अझिमबेक बेकनाझारोव. चौघांनाही एक दिवस त्या खुर्चीत बसायचं असणार, असं मानायला हरकत नाही. त्यामुळं त्या दिवशी चौघांपैकी एकानंही बसू नये, ही प्रत्येकाच्या सोयीची गोष्ट होती. प्रमुख झाल्या ओतुनबायेवा. माझ्या मते त्यांच्याकडं प्रांत-टोळी-पैसा नसणं हीच तेव्हा त्यांची पात्रता ठरली. भाऊबंदकीत वाटणी होईपर्यंत दागिन्यांचा डबा आत्याकडं ठेवतात, त्यातला प्रकार. आत्या प्रामाणिक असते हे खरं, पण मुख्य म्हणजे तिचा वाटणीत हिस्सा नसतो.

बाहेरच्या जगाचं काय? 8 तारखेलाच रशियाचे पंतप्रधान पुतिन यांचा ओतुनबायेवांना फोन आला. घटनेनं जे दिलं नव्हतं ते काही अंशी त्या फोननं दिलं. हंगामी सरकारच्या बाबतीत हे नेहमी होतं. शेजारचा दांडगा फोनवर कुणाशी बोलतो, यावरून नोकरशाही आणि फौज आपला सलाम कुठं ठोकायचा ते ठरवतात. शिवाय त्या काळात बिश्केकजवळ मानस विमानतळावर अमेरिकी तळ होता आणि तिथून जवळच कांतला रशियन. दोन्ही महासत्तांचे तळ एकाच शहराच्या आजूबाजूला! ओतुनबायेवांनी दोघांनाही सांगितलं की करार पाळले जातील.

बाकियेव 15 एप्रिलला कझाकस्तानात गेले आणि राजीनाम्याचं हातानं लिहिलेलं पत्र फॅक्सनं आलं. आठवडा झाला नाही तोच बेलारूसची राजधानी मिन्स्कमधून ते म्हणाले, मी अजून राष्ट्राध्यक्षच आहे. फॅक्सवरच्या राजीनाम्याला किती किंमत द्यायची, हा प्रश्न कुठल्याही घटनापंडितानं आधी सोडवून ठेवलेला नव्हता. सरकारनं तो मोकळा सोडून दिला आणि कामाला लागलं. काम म्हणजे नवी वहीच लिहिणं.

19 मेला एक हुकूम निघाला. ओतुनबायेवा 31 डिसेंबर 2011 पर्यंत 'संक्रमण काळाच्या राष्ट्राध्यक्ष' राहतील, आणि 2011 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांना लढवता येणार नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच. त्या आल्या जाण्याच्या बोलीवर, आणि ती बोली तोंडी नव्हती.

ओश

आता खरी परीक्षा. किर्गिझस्तान फार मोठा देश नाही. तेव्हाची लोकसंख्या 54 लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. पण मधोमध डोंगर उभे आहेत. उत्तरेतल्या बिश्केकहून दक्षिणेतल्या ओशला जायचं तर 3,000 मीटरहून उंचावरचा बोगदा ओलांडावा लागतो. दक्षिणेतल्या फरगाना खोऱ्यात किर्गिझ आणि उझबेक शेजारी शेजारी राहतात. सोव्हिएत काळाच्या अखेरीस, 1990 मध्ये, तिथं एक भयानक दंगल होऊन गेली होती. बाकियेवांचं गावही दक्षिणेतलंच.

13 मे रोजी बाकियेव समर्थकांनी ओश, जलालाबाद आणि बातकेन इथल्या प्रांतिक कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पोलीस तटस्थ उभे. कुणाचा हुकूम मानायचा हे त्यांना ठरवता येईना, आणि एका अर्थानं त्यांचं बरोबर होतं, उद्या बाकियेव परतले तर? तेव्हा हंगामी सरकारला मदत झाली ती जलालाबादच्या एका श्रीमंत उझबेक नेत्याच्या माणसांची. कचेरी परत मिळाली. दुसऱ्या दिवशी बाकियेव कुटुंबाची घरं जळाली, आणि ती 'उझबेकांनी' जाळली अशी बातमी खोऱ्यात फिरली. सरकारला स्वतःची काठी नव्हती, म्हणून त्यानं एका समाजाची काठी उसनी घेतली. त्याचं व्याज त्या समाजानं भरलं.

10 जूनच्या रात्री ओशमध्ये दोन गटांच्या मारामारीतून भडका उडाला. पुढचे चार दिवस उझबेक मोहल्ले घरामागून घर जळत गेले. लोकांनी झाडं तोडून गल्ल्यांची तोंडं बंद केली. रस्त्याच्या डांबरावर पांढऱ्या रंगानं एवढी मोठी 'एसओएस' अक्षरं रंगवली की ती उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसली. नंतर आंतरराष्ट्रीय चौकशी आयोगानं हिशेब मांडला: सुमारे 470 मृत, त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश उझबेक, आणि चार लाखांहून अधिक लोक घराबाहेर, त्यांतले एक लाखाहून जास्त सीमा ओलांडून उझबेकिस्तानात. त्या दिवसांत ओश आणि जलालाबादमध्ये भारतीय विद्यार्थीही अडकले होते. त्यांना विमानानं बिश्केकला हलवावं लागलं. काकांना हे सांगताना मी जरा थांबलो, पण सांगितलं.

राष्ट्राध्यक्षांनी काय केलं? संचारबंदी लावली, फौज पाठवली, राखीव सैनिक बोलावले. पण फौजेतले जवान बहुतेक किर्गिझ, आणि त्यांच्या चिलखती गाड्या जमावाच्या हाती गेल्या. त्या गाड्यांच्या मागून जमाव मोहल्ल्यांत शिरल्याचं अनेक साक्षीदारांनी सांगितलं. 12 जूनला ओतुनबायेवांनी रशियाकडं उघडपणे सैन्य मागितलं. मॉस्कोनं उत्तर दिलं, हा तुमचा अंतर्गत मामला आहे. दोन महिन्यांपूर्वी पहिला फोन करणारा शेजारी आता दाराआडून बोलत होता.

18 जूनला त्या हेलिकॉप्टरनं ओशच्या चौकात उतरल्या, अंगात गोळीरोधक जाकीट. स्वतःच्याच देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात. मृतांचा सरकारी आकडा खऱ्यापेक्षा फार कमी असावा, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. सत्तेवर असलेलं माणूस सहसा आकडा खाली ओढतं. त्यांनी तो वर ढकलला.

ओशचे महापौर मेलिस मिर्झाकमातोव हे बाकियेवांच्या काळात नेमलेले, कडव्या किर्गिझ राष्ट्रवादी बोलीचे. ऑगस्टमध्ये त्यांना हटवायचा प्रयत्न झाला. मिर्झाकमातोव बिश्केकहून परतले, चौकात आपल्या हजारो समर्थकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की बिश्केकच्या हुकमांना दक्षिणेत कायद्याचं बळ नाही. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर एक महापौर हे बोलला, आणि तो खुर्चीत राहिलाही, थेट 2013 पर्यंत. हंगामी सत्ता म्हणजे काय हे समजायला मला त्या एका प्रसंगाहून चांगला धडा माहीत नाही. शिक्का असतो, शाई असते, कागद असतो. पण समोरचा हिशेब करतो की ही बाई डिसेंबर 2011 नंतर इथं नाही, मी मात्र असणार आहे.

जाण्याची बोली अशी दुधारी असते. तिच्यामुळंच बाकीचे नेते ओतुनबायेवांना सहन करत होते. आणि तिच्यामुळंच त्यांना कुणी भीत नव्हतं.

त्यांच्या बाजूनं एवढं म्हणता येतं. पण सगळं 'हात बांधलेले होते' या खात्यात टाकून चालणार नाही. दंगलीनंतरच्या खटल्यांत आरोपी मुख्यतः उझबेक होते, म्हणजे जास्त मेले तेच आणि जास्त तुरुंगात गेले तेही तेच. अझिमजान अस्कारोव हे मानवी हक्क कार्यकर्ते आणि पत्रकार. एका पोलिसाच्या खुनात सामील असल्याच्या आरोपावरून सप्टेंबर 2010 मध्ये त्यांना जन्मठेप झाली. कोठडीत त्यांचा छळ झाल्याचं आणि खटला न्याय्य नसल्याचं पुढं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं म्हटलं. 2020 मध्ये ते तुरुंगातच वारले. ओतुनबायेवा आयुष्यभर जगाच्या व्यासपीठांवर वावरलेल्या. हे काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, असं मानता येत नाही.

उलट बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय चौकशी आयोग बोलावला तो त्यांनीच. फिनलंडचे किम्मो किल्युनेन त्याचे प्रमुख. आयोगानं अहवालात खुद्द हंगामी सरकारवर ठपका ठेवला की वातावरण बिघडतंय हे त्यांनी ओळखलं नाही किंवा कमी लेखलं. मे 2011 मध्ये किर्गिझ संसदेनं किल्युनेन यांनाच देशात यायला बंदी घातली. राष्ट्राध्यक्षांनी पाहुणा बोलावला आणि संसदेनं त्याला दार दाखवलं.

मतपेटी

घरं अजून धुमसत होती तेव्हा, 27 जूनला, नव्या घटनेवर सार्वमत ठेवलं होतं. पुढं ढकला असं अनेकांनी सांगितलं. बेघर झालेला माणूस मत कुठून देणार? ओळखपत्रंसुद्धा जळाली होती. ओतुनबायेवा हटल्या नाहीत. त्या दिवसापुरती ओशची संचारबंदी उठवली आणि त्यांनी ओशमध्येच मत टाकलं. 90 टक्क्यांहून अधिक 'हो' निघाले.

प्रश्नाची रचना पाहण्यासारखी होती. नवी घटना आणि ती लागू करण्याचा कायदा, दोन्हीला मिळून एकच 'हो' किंवा 'नाही'. ओतुनबायेवांची खुर्ची त्या दुसऱ्या कायद्यात बसवलेली होती. घटना हवी असेल तर बाईही हव्यात. थाळीत भाजी नको म्हणून पोळी वेगळी मिळणार नव्हती. लोकशाहीच्या दृष्टीनं हे फारसं नितळ नाही. पण हुकमानं आलेल्या सरकारला एकदाचं मतांचं बळ पाहिजे होतं, आणि दंगल ओसरल्यावर दोन महिने थांबलं असतं तर तोवर सरकार टिकलं असतं का, याची मला शंका आहे. निर्णय मला पटतो. टोचतोही.

त्या घटनेत काय होतं? राष्ट्राध्यक्षाला एकदाच, सहा वर्षांसाठी निवडून येता येईल. 120 जागांच्या संसदेत कुठल्याही एका पक्षाला 65 हून जास्त जागा मिळणार नाहीत, मतं कितीही पडोत. म्हणजे दुसरा बाकियेव तयार होऊ नये म्हणून घातलेली कुंपणंच ही. शिवाय 2020 पर्यंत या घटनेला हात लावायचा नाही असंही बजावून ठेवलं होतं.

10 ऑक्टोबरला संसदेची निवडणूक झाली आणि 28 जागा घेऊन पहिला आला तो अता-जुर्त, बाकियेवांच्या जुन्या माणसांचा भरणा असलेला पक्ष. ज्यांना घालवायला माणसं मेली त्यांचेच सोबती सहा महिन्यांत सर्वांत मोठा पक्ष! सत्तेवर असलेल्यांनी निवडणुकीत हात घातला नाही, याचा याहून कडू पुरावा नसेल. दुसऱ्या क्रमांकावर 26 जागांसह अतामबायेवांचा पक्ष. बराच घोळ होऊन डिसेंबरमध्ये आघाडी जुळली, अता-जुर्तला धरूनच, आणि अतामबायेव पंतप्रधान झाले.

30 ऑक्टोबर 2011 ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. अतामबायेव सुमारे 63 टक्के मतांनी जिंकले. ओतुनबायेवांची मुदत वर्षाच्या शेवटच्या दिवसापर्यंत होती. त्यांनी 1 डिसेंबरलाच सूत्रं सोपवली. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. मध्य आशियात तोवर राष्ट्राध्यक्ष सहसा एकतर मरेपर्यंत राहत, किंवा अजून होतेच, किंवा पळून जात. शपथविधीला माजी राष्ट्राध्यक्ष समोर बसलेले आहेत, हे तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं.

नंतर

पद सोडल्यावर त्यांनी स्वतःच्या नावाची संस्था काढून काम केलं. पुढं सप्टेंबर 2022 मध्ये, बाहत्तराव्या वर्षी, संयुक्त राष्ट्रांनी त्यांना काबूलला पाठवलं, अफगाणिस्तानातल्या मोहिमेच्या प्रमुख म्हणून. ज्या तालिबाननं बायकांना कचेऱ्यांतून हाकललं, त्यांच्याशी बोलणी करायला बाई. कारकिर्दीचा हा भाग वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्यांच्या वहीचं काय झालं ते आधी बघू. 2016 मध्ये अतामबायेवांना 2010 ची घटना बदलायची होती. 2020 पर्यंत थांबायची अट त्यांच्याच सोबत्यांनी, त्यांच्याच संमतीनं घातलेली. 31 ऑगस्टला, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी, बिश्केकच्या अला-तू चौकात भाषण करताना त्यांनी जुन्या हंगामी सरकारातल्या लोकांवर तोंडसुख घेतलं. पाहुण्यांत ओतुनबायेवा होत्या. त्या उठल्या आणि कार्यक्रम चालू असतानाच निघून गेल्या. त्याच शरद ऋतूत असं उघडकीला आलं की 2010 च्या घटनेची सही असलेली मूळ प्रत सरकारला सापडतच नाही. कपाटं शोधली, दप्तरं शोधली. बदल करायचा तो कशात, हाच प्रश्न! शेवटी प्रतीवाचून सार्वमत झालं आणि बदलही झाले. तीन वर्षांनी माजी राष्ट्राध्यक्ष अतामबायेव स्वतःच अटकेत गेले.

आणि 2020. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पैसे वाटल्याच्या आरोपांवरून पुन्हा चौक भरला, पुन्हा व्हाइट हाउस. त्या रात्री समर्थकांनी तुरुंगातून सादिर जापारोव यांना बाहेर काढलं. जापारोव एकेकाळचे बाकियेवांचे सल्लागार, 2010 च्या अता-जुर्तचे खासदार. दहा दिवसांत ते पंतप्रधान झाले, आणि जीनबेकोव यांच्या राजीनाम्यानंतर हंगामी राष्ट्राध्यक्षही, कारण घटनेप्रमाणं ज्यांचा पहिला मान होता त्या संसदेच्या सभापतींनी नकार दिला.

पण घटनेत एक कलम होतं: हंगामी राष्ट्राध्यक्षाला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येणार नाही. ओतुनबायेवांना घातलेली तीच अट, आता कायमची. जापारोवांनी ते कलम मोडलं नाही. 14 नोव्हेंबरला त्यांनी हंगामी राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आपल्या गिरींसारखाच, आणि उमेदवार म्हणून उभे राहिले. संसदेचे नवे सभापती तालान्त मामितोव हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी 2021 मध्ये जापारोव जवळपास 79 टक्के मतं घेऊन आले आणि एप्रिलमधल्या सार्वमतानं सत्ता पुन्हा एका राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटली. मधले अडीच महिने मामितोवांनी खुर्ची सांभाळली आणि 28 जानेवारीला रिकामी करून दिली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते राहू द्या हो. सध्या कोण आहे, आणि तो टिकणार का, तेवढं सांगा. पहिल्या वर्षाची फी आगाऊ भरायचीय."